घरात टीबीचा पेशंट, आणि आता कुत्रा खोकतोय

कॅनॉलकाठची | ८ जून, रात्री १०.४०

नमस्कार. एरवी मी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. सासरे ७१ वर्षांचे. जानेवारीपासून त्यांना खोकला होता. हवा बदललीय, धूळ आहे, मेट्रो-उड्डाणपुलांची कामं चाललीत, असं म्हणत त्यांनी तीन-चार महिने अंगावर काढलं. मे महिन्यात बेडक्यात रक्त दिसलं तेव्हा आम्ही हललो. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. सीबीनॅट तपासणीत औषधाला दाद न देणारा प्रकार नाही असं आलं, एवढाच दिलासा. १९ मेपासून गोळ्या सुरू आहेत.

आता बंड्याबद्दल. बंड्या आमचा देशी कुत्रा, सात वर्षांचा, वजन १५ किलो. धायरी फाट्यावर पावसात सापडला होता. तो माझ्या नवऱ्याचा नाही, माझा नाही, तो बाबांचा. रात्री त्यांच्या कॉटखाली झोपतो. दुपारी बाबा अर्धी भाकरी खातात आणि उरलेली त्याच ताटलीत त्याला देतात. बाबा थुंकायला कॉटशेजारी पत्र्याचा डबा ठेवायचे, आणि बंड्याने त्यात तोंड घातलेलं मी स्वतः दोनदा पाहिलंय. तेव्हा फक्त किळस वाटली होती. आता ते आठवून झोप लागत नाही.

गेले तीन आठवडे बंड्याला ढास लागते. पहाटे जास्त. खाणं कमी झालंय, बरगड्या हाताला लागतात. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, चार दिवस एकदम छान, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मी बाबांचं सांगितलं तर तिथे म्हणाले, कुत्र्यांना टीबी होतच नाही. दुसरीकडे फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे आणूच नका. दोघांचं एकाच वेळी बरोबर कसं असेल?

सोसायटीत कुणीतरी ऐकलं आणि आता ग्रुपवर रोज विषय निघतो की कुत्रा बाहेर सोडा. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. माझी मती गुंग झालीय. कुत्र्याला टीबी होतो का? त्याच्याकडून मुलाला होईल का? पुण्यात तपासणी कुठे होते?

जुना पर्वतीकर | ८ जून, रात्री ११.१५

ताई, आधी धीर धरा. माझ्या लहानपणी घरात क्षय निघाला की माणसाला पाचगणीला नाहीतर मिरजेला वानलेसवाडीला पाठवायचे आणि मागे त्याच्या अंथरुणासकट सगळं जाळायचे. आता घरच्या घरी गोळ्या घेऊन माणूस बरा होतो. कुत्र्याबद्दल मला माहिती नाही, जाणकार सांगतील. धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

मिहीर ७७ | ९ जून, सकाळी ८.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चार वर्षांचं मूल घरात असताना मी एक दिवसही थांबलो नसतो. कुत्रा एखाद्या संस्थेत ठेवा. माझ्या मावशीला लहानपणी टीबी झाला होता, मणक्याचा. आज साठीत आहे आणि अजून वाकून चालते. मुलाच्या बाबतीत प्रयोग नकोत.

शिरवळचा विद्यार्थी | ९ जून, दुपारी २.३०

मी पशुवैद्य आहे. शिरवळच्या कॉलेजात शिकलो, बरीच वर्षं कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करतो. इथे लिहिण्याने तपासणी होत नाही हे लक्षात ठेवूनच वाचा.

कुत्र्याला टीबी होतो. गाईगुरांच्या मानाने कमी दिसतो, पण होतो. आणि तो बहुतेक वेळा माणसाकडून येतो. माणसाला होणारा जो जंतू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस, तोच. आपण नेहमी प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या रोगांबद्दल बोलतो, हा उलट्या वाटेने जाणारा रोग आहे. बंद खोलीत खोकणारा माणूस आणि त्याच्या कॉटखाली झोपणारा कुत्रा, यात जंतू कुणाकडून कुणाकडे गेला असेल हे वेगळं सांगायला नको. तुमच्या सोसायटीला हे आधी सांगा. बंड्याने हा रोग घरात आणलेला नाही.

दुसरा जंतू मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, गाईम्हशींचा. तो कच्च्या दुधातून, कच्च्या मांसातून येऊ शकतो.

आता लक्षणं. बरा न होणारा खोकला, रोडावणं, अधूनमधून ताप, भूक मरणं. काहींच्या छातीत पाणी होतं. कधी पायांची हाडं जाड होऊन पाय सुजतात आणि मालक कुत्र्याला लंगडतो म्हणून आणतो, दुखणं असतं छातीत. पण ताई, यातलं एकही लक्षण फक्त टीबीचं नाही. पुण्यात गोचीड ताप सर्रास आहे, त्यात कुत्रा असाच रोडावतो. केनेल कफ म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला आहे, हृदय मोठं झाल्याचा खोकला आहे, जुनाट ब्राँकायटिस आहे. टीबी असलेल्या घरात कुत्रा खोकतो म्हणजे त्याला टीबीच आहे, असं अजिबात नाही. पण ती शक्यता बाजूलाही टाकता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं ते इंजेक्शन. चार दिवस छान आणि पाचव्या दिवशी जैसे थे, हे वाचून मला स्टेरॉइडची शंका येते. काय दिलं ते कागदावर लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. टीबी असेल तर नुसत्या स्टेरॉइडने खोकला दबतो आणि आत रोग पसरतो. म्हणून यापुढे कुठेही न्याल तिथे पहिलं वाक्य हेच हवं: घरात थुंकी-पॉझिटिव्ह पेशंट आहे.

तपासणी या क्रमाने करा. आधी छातीचा एक्स-रे आणि रक्त. एक्स-रेमध्ये श्वासनलिका जिथे दोन फाटे घेते तिथल्या गाठी सुजल्यात का हे बघतात. शंका राहिली तर थोडी भूल देऊन श्वासनलिकेतलं पाणी काढतात, कारण कुत्रा आपल्यासारखा बेडका काढून देत नाही, तो गिळतो. त्या पाण्याची झील-नील्सन पद्धतीने, म्हणजे जंतू रंगवून, स्लाइड, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं). कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात, हा जंतू फार सावकाश वाढतो. माणसांची ती हातावरची मांटू टेस्ट कुत्र्यांत भरवशाची नाही, कुणी सुचवली तर त्यावर विसंबू नका.

औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही. नमुना परस्पर घेऊन जाऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी आधी फोन करून कोणता नमुना, कशात, किती थंड ठेवून पाठवायचा हे विचारावं. नाहीतर आपल्याकडे नमुना पोचतो आणि वाया जातो.

पत्रिका वाटणारी | ९ जून, रात्री ९.५०

मी टीबीच्या कामात आहे, घरोघरी जाते. शिरवळच्या डॉक्टरांनी कुत्र्याचं सांगितलं, मी माणसांचं सांगते, कारण ताईंच्या प्रश्नात मुलगा आहे.

ताई, मुलाची तपासणी झाली का? घरात थुंकी-पॉझिटिव्ह पेशंट असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नसला तरी प्रतिबंधक औषध देतात. मुलाला धोका असेल तर तो आजोबांच्या खोकल्यातून आहे, आणि तो मे महिन्याच्या आधीचा आहे. गोळ्या नीट चालू असतील तर साधारण दोन आठवड्यांत पेशंटकडून पसरणं खूप कमी होतं. खिडक्या उघड्या ठेवा, ऊन आत येऊ द्या. थुंकीचा उघडा डबा आजच्या आज बंद करा. घट्ट झाकणाचा डबा, त्यात फिनाईल, आणि तो कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही इतका उंच. फिनाईल कुत्र्यालाही विषच आहे.

बाबांची निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर, नोंद असेलच. पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात का बघा. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढलेत. खातं जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात आणि पेशंटला वाटतं योजनाच खोटी आहे.

एक मनातलं सांगते. भेटीत आम्ही घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहितो. किती घरांत कॉटखाली कुत्रा झोपलेला पाहिलाय, पण त्याच्याबद्दल काही विचारायचं असतं हे मला आज कळलं. उद्यापासून विचारीन.

वानवडीवाली | १० जून, सकाळी ११.२०

मी हे कधी लिहिलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे टायगर होता, डॉबरमॅन. तो आजीचा. खोकू लागला, वाळत गेला. तीन डॉक्टर झाले. कुणी न्यूमोनिया म्हटलं, कुणी फुप्फुसात गाठ आहे म्हटलं. शेवटी त्याला श्वास घेता येईना आणि तो गेला. ज्या डॉक्टरांनी शेवटी पाहिलं त्यांनी आम्हाला विनवून पोस्टमॉर्टेम करायला लावलं. मला ते नको होतं. वडिलांनी हो म्हटलं.

रिपोर्ट टीबीचा आला. मग त्या डॉक्टरांनी वडिलांना फोन करून विचारलं, घरात कुणाला खोकला आहे का? आजी दोन वर्षं खोकत होती. सगळे म्हणायचे तंबाखूची मशेरी, वय झालंय. औंधच्या उरो रुग्णालयात नेलं, टीबी होता. सहा महिने गोळ्या घेऊन आजी बरी झाली आणि पुढे आठ वर्षं जगली. ती शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या टायगरने मला वाचवलं. आणि मग गप्प व्हायची, कारण त्याला कुणामुळे झालं ते तिला माहीत होतं.

मिहीर, तुम्ही मुलाच्या काळजीने लिहिलंय हे समजतं. पण टायगरला आम्ही आधीच कुठेतरी सोडून आलो असतो तर आजीचा टीबी कळलाच नसता, आणि तेव्हा माझी बहीण तीन वर्षांची होती, आजीच्या कुशीत झोपायची.

मिहीर ७७ | १० जून, दुपारी १.४५

वानवडीवाली, वाचून सुन्न झालो. माझं म्हणणं थोडं बदलतो: मुलाला बंड्यापासून लांब ठेवा, पण सोडून येऊ नका. डॉक्टर, एक विचारायचं आहे. समजा बंड्याला टीबी निघालाच, तर उपचार आहेत का? की इंजेक्शन देऊन झोपवतात?

शिरवळचा विद्यार्थी | १० जून, रात्री ११.००

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, त्यामुळे आडपडदा न ठेवता लिहितो. कुत्र्याकडून माणसाला टीबी होणं फारच विरळ मानलं जातं. तरी फुप्फुसाचा टीबी असलेला कुत्रा जंतू बाहेर टाकू शकतो, म्हणून अनेक देशांत निदान पक्कं झालं की दयामरणाचाच सल्ला देतात. मला तो सल्ला देताना काय वाटतं ते सोडा, त्यामागचं कारण खरं आहे. औषधं माणसांचीच, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन वगैरे, किमान सहा ते नऊ महिने, एकही दिवस न चुकता. अर्धवट सोडली तर औषधाला न जुमानणारा जंतू तयार होतो, आणि तो परत माणसात जाऊ शकतो. यकृताच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. घरात लहान मूल आणि आजारी म्हातारा माणूस असताना हा निर्णय पशुवैद्य आणि बाबांचे डॉक्टर दोघांशी बोलूनच घ्यायचा. पण तो निदानानंतरचा प्रश्न आहे. निदानाआधी कुत्र्याला मारू नका आणि सोडूही नका. सोडलेला खोकणारा कुत्रा चार गल्ल्या हिंडतो. शिवाय पाळीव प्राणी उपाशी मरेल असा टाकून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, सोसायटीच्या ठरावाने तो माफ होत नाही.

आणि एक गोष्ट ताईंनी आत्ताच्या आत्ता करायची आहे. बाबांच्या गोळ्या कुठे आहेत? त्या चार औषधांच्या एकत्र गोळीत ७५ मिलिग्रॅम आयसोनियाझिड असतं. माणसाचं शरीर ते ज्या पद्धतीने निकामी करून बाहेर टाकतं, ती सोय कुत्र्याच्या शरीरातच नाही. किलोमागे साधारण ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तर कुत्रा झटके येऊन मरू शकतो. बंड्या १५ किलोचा आहे, म्हणजे दहा गोळ्या. अर्धी स्ट्रिपसुद्धा नाही. उतारा आहे, पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, पण ते शिरेतून द्यायचं असतं आणि वेळेत. असं झालं तर रिकामी स्ट्रिप हातात घेऊनच दवाखान्यात पळा आणि आयसोनियाझिड हा शब्द आधी उच्चारा. टीबीच्या घरातल्या कुत्र्याला रोगापेक्षा गोळ्यांनी मरण येण्याची भीती मला जास्त वाटते.

त्याच कारणाने, बाबांची एखादी गोळी बंड्यालाही देऊन बघू, असं कुणीही करू नका.

कॅनॉलकाठची | १० जून, रात्री ११.३५

गोळ्या कॉटच्या बाजूच्या स्टुलावर होत्या. बंड्याच्या नाकाच्या उंचीवर. आत्ता कपाटात ठेवून कुलूप लावून आले. हात थरथरतायत.

मुलाला उद्याच नेते.

जुना पर्वतीकर | ११ जून, सकाळी ७.१०

डॉक्टरसाहेब, दुधाचं विचारायचं होतं. आमच्याकडे गोठ्यावरून म्हशीचं दूध येतं. आम्ही तापवून पितो, पण कुत्रीला सकाळी दूधवाला आला की थेट वाटीत ओततो. ती वाट बघत बसलेली असते. आणि खोकल्याला अडुळसा-मध चालतो का?

शिरवळचा विद्यार्थी | ११ जून, दुपारी ३.१५

काका, तिचीही वाटी तापवलेल्या दुधाचीच करा. एक उकळी आली की टीबीचा जंतू मरतो. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, तेवढंही पुरतं. कच्च्या मांसालाही हेच लागू. अलीकडे पुण्यात रॉ डाएटचं वेड आहे, आणि बरेचजण खाटकाकडून वजडी, फुप्फुसाचे तुकडे आणून तसेच घालतात. फुप्फुस हाच तर टीबीचा मुख्य अड्डा. इंग्लंडमध्ये २०१६-१७ साली शिकारी कुत्र्यांच्या एका मोठ्या कळपात बोव्हिस पसरला, तेव्हा संशय मेलेल्या गुरांचं कच्चं मांस खायला घालण्यावरच गेला होता. शिजवा, मग घाला.

माणसांची खोकल्याची बाटली देऊ नका. काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असतं, काहींत पॅरासिटामॉल, दोन्ही कुत्र्याला घातक. खोकला दाबल्याने निदान लांबतं, हे वेगळंच.

कुत्र्यांसाठी टीबीची लस नाही. वर्षाला देतो त्या लशीत तो धरलेला नाही. काल दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून इथेच लिहिलं.

कॅनॉलकाठची | २२ जून, संध्याकाळी ६.२०

अपडेट द्यायला उशीर झाला. पालख्या शहरात होत्या, रस्ते बंद होते, एक अपॉइंटमेंट त्यात गेली.

मुलाचा एक्स-रे स्वच्छ आहे. त्याला प्रतिबंधक औषध सुरू केलंय. नवरा आणि मी, दोघांनाही काही नाही.

बंड्याला नवीन डॉक्टरांकडे नेलं. मी दारातच सांगितलं, घरात पॉझिटिव्ह पेशंट आहे. त्यांनी मास्क लावला, खिडकी उघडली आणि म्हणाले, या. मला रडू आलं. जुन्या दवाखान्यातून कागद मागून घेतला होता. इंजेक्शन स्टेरॉइडचंच होतं.

एक्स-रेमध्ये हृदय ठीक आहे, गाठी सुजल्यासारख्या वाटतात पण नक्की सांगता येत नाही म्हणाले. श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसतायत. गोचीड तापाची टेस्ट निगेटिव्ह. काल भूल देऊन पाणी काढलं. स्लाइडवर टीबीचे जंतू दिसले नाहीत. पीसीआर आणि कल्चरला पाठवलंय.

बंड्या आता बाल्कनीत झोपतो. बाबांच्या खोलीच्या उंबरठ्यावर लाकडी फळी लावलीय. तो फळीपलीकडे पाय पसरून पडतो आणि बाबा कॉटवरून त्याच्याशी बोलतात, दूध आलं का रे, पाऊस आला का रे. परवा बाबा मला म्हणाले, मी त्याला भाकरी दिली ती चूक झाली ना गं? मी काय बोलू?

पत्रिका वाटणारी | २२ जून, रात्री ८.४५

त्यांना सांगा, तुम्ही गोळ्या चुकवल्या नाहीत तर तुमच्या हातची भाकरी त्याला परत मिळेल. माझ्या पेशंटपैकी काहीजण दोन महिन्यांनी बरं वाटलं की गोळ्या सोडतात. बाबांना सहा महिने पूर्ण करायला हे कारण पुरेल.

वानवडीवाली | २३ जून, सकाळी ९.००

ताई, बाबांना टायगरचं सांगा. आजीला कुणीतरी सांगायला हवं होतं की तुला माहीत नव्हतं. आम्ही कुणीच बोललो नाही.

कॅनॉलकाठची | १ जुलै, दुपारी १२.३०

पीसीआर निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले अजून पूर्ण सुटलो नाही, कल्चरपर्यंत थांबायचं. ब्राँकायटिस धरून उपचार करतायत, स्टेरॉइड मात्र नाही. बाबांची बिडीही बंद झाली आहे. डॉक्टरांनी विचारलं होतं की घरात धूर कशाचा असतो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तीही बंड्याच्याच नाकाशी होती. खोकला निम्म्यावर आलाय.

सोसायटीच्या ग्रुपवर मी डॉक्टरांचं पत्र टाकलं. दोघांनी अंगठा दिला, बाकी गप्प. पण खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, माझ्या मिस्टरांना दोन महिने खोकला आहे, थुंकी कुठे द्यायची?

मिहीर ७७ | १ जुलै, दुपारी १.१०

त्यांना लगेच पाठवा. १८००-११-६६६६ ही टीबीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही विचारता येईल. मावशीकडून घेतला नंबर.

कॅनॉलकाठची | २१ ऑगस्ट, रात्री ९.१५

काल कल्चरचा रिपोर्ट आला. आठ आठवड्यांत काही वाढलं नाही. बंड्याचं वजन पावणेसोळा किलो. डॉक्टर म्हणाले दर तीन महिन्यांनी छाती तपासून घ्या, खोकला पुन्हा आला तर थांबू नका.

बाबांची दोन महिन्यांनंतरची थुंकी निगेटिव्ह आली होती, आता पुढच्या गोळ्या चालू आहेत. नोव्हेंबरपर्यंत. खालच्या काकांनाही टीबी निघाला, त्यांचेही उपचार सुरू झाले.

आज सकाळी फळी काढली. बंड्या आत गेला नाही. अडीच महिन्यांची सवय, तो उंबरठ्यावरच बसून बघत राहिला. शेवटी बाबाच उठून बाहेर आले आणि दोघं कॅनॉलच्या रस्त्याने गेले, सावकाश. भाकरी आता त्याला वेगळ्या थाळीत मिळते.